आय ॲम फाइन थँक्यू, अँड यू?



जूनच्या पहिल्या आठवड्यात निपाणीहून एक मुलगी माझ्याकडे टिळकवाडीत आली होती. बी.ए.ची परीक्षा नुकतीच दिलेली, निकाल यायचा होता. तिचे वडील आणि माझा भाऊ एका वर्गातले, म्हणून गावच्या नात्यानं मी तिची आत्या. चहा होईपर्यंत इकडचं तिकडचं बोलली, मग मोबाईल पुढं केला. त्यावर एक जाहिरात होती. थायलंडमध्ये इंग्रजी शिकवा, जग बघा. पदवीची अट नाही. तिकीट आमच्याकडून. मुलाखत व्हॉट्सॲपवर. पासपोर्टचा फोटो आजच पाठवा.

"आत्या, तुम्ही गेला होता की तिकडं. खरं असतंय काय हे?"

"अर्धं खरं असतंय," मी म्हटलं. "खोटं अर्धं कुठलं, ते कळायला मात्र मला तीन वर्षं लागली."

तिला त्या दिवशी जे सांगितलं तेच आज इथं लिहिते आहे. कारण आपल्या मंडळातल्या मुलामुलींकडून हा प्रश्न मला वर्षातून चार वेळा तरी येतो. नोकरी करत जग बघायचं, त्यासाठी इंग्रजी शिकवायचं, हे आपल्याला जमतं का? का ते फक्त गोऱ्यांचं काम?

मी 2015 च्या मे महिन्यात गेले आणि 2018 च्या मार्चमध्ये परत आले. ईशान्य थायलंडमधला उदोन थानी जिल्हा, तिथल्या एका सरकारी शाळेत. गावाचं नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा काही कळलं नव्हतं. तिथं गेल्यावर एका म्हाताऱ्या शिक्षकांनी फोड करून सांगितली. 'उदोन' म्हणजे उत्तर, 'थानी' म्हणजे आपल्या राजधानीतली धानी. मग मला नादच लागला. प्राथमिक वर्गांना ते 'प्रथोम' म्हणतात, माध्यमिकला 'मथ्थयोम'. शिक्षक म्हणजे 'ख्रू', हा आपलाच गुरू. भाषा म्हणजे 'फासा'. आणि बाजारात मांस नको म्हणून सांगायचा शब्द 'मांगसाविरत', मांसविरती! निपाणीच्या आठवडी बाजारात असा शब्द वापरला तर लोक मला कीर्तनकार समजतील.

तिथल्या बालवाडीच्या भिंतीवर मुळाक्षरांचा तक्ता होता. क कोंबडीचा, ख अंड्याचा, असा. थाई अक्षरांचा क्रम आपलाच आहे, कंठातून सुरू होऊन ओठांपर्यंत येणारा. आणि आपल्या तक्त्यात ज्या ङ पुढं चित्रच नसतं, त्याच्यापुढं तिथं चक्क साप बसलेला. थाईत सापाला 'ङू' म्हणतात. लहानपणी आमच्या बाई 'ङ, पुढं चला' म्हणून ते अक्षर ओलांडायच्या. इतक्या वर्षांनी त्याला कोणीतरी काम दिलेलं बघून मला फार बरं वाटलं.

तर ही झाली गंमत. आता हिशोब.

भारतीय माणसानं परदेशी जाऊन शिकवणं यात नवं काही नाही. इथिओपियात सम्राट हैले सेलासींच्या काळात भारतातून शेकडो शिक्षक गेले, त्यात केरळचे फार. भूताननं 1960 च्या दशकात इंग्रजी माध्यमाच्या शाळा उभ्या केल्या त्या भारतीय शिक्षकांच्या जिवावर. मालदीवच्या बेटांवर आजही आपले शिक्षक भेटतात. आपल्या बाजूचं उदाहरण हवं असेल तर गोव्यातल्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी घ्या. 1899 मध्ये घर सोडलं, काशी, नेपाळ, सिंहल, ब्रह्मदेश असं फिरत पाली शिकले आणि 1910 मध्ये हार्वर्डला पोचले. त्यांच्याकडं विकायला होती ती पाली. आपल्याकडं आहे ती इंग्रजी, आणि गोची तिथंच आहे.

कारण इंग्रजी शिकवण्याच्या बाजारात एक शब्द चालतो, 'नेटिव्ह स्पीकर'. गंमत म्हणजे इंग्रजांच्या राज्यात नेटिव्ह म्हणजे आपण होतो. आता नेटिव्ह म्हणजे ते. आणि हे नेटिव्हपण जिभेवरून ठरत नाही, पासपोर्टावरून ठरतं. दक्षिण कोरियाचं बघा. तिथं भाषाशिक्षकाचा जो व्हिसा आहे तो इंग्रजीसाठी सातच देशांच्या नागरिकांना मिळतो. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. भारताचा कोरियाशी जो आर्थिक भागीदारी करार 1 जानेवारी 2010 पासून लागू झाला, त्यात भारतीयांसाठी एक फट ठेवली आहे. पदवी आणि शिक्षकी पात्रता असलेल्या भारतीयाला शाळेत साहाय्यक इंग्रजी शिक्षक म्हणून घेता येतं. पण फट ती फट, दरवाजा नव्हे.

थायलंडचा दरवाजा आपल्याला उघडा असतो, पण उंबऱ्यावर थांबवून दोन प्रश्न जास्त विचारतात. मला टोइक नावाची परीक्षा द्यायला लावली. नव्वद पूर्णांक नऊ टक्के पोरं पडतात अशी ती अवघड नाही. 990 गुणांची असते, दोन तास ऐकायचं आणि वाचायचं, उत्तरावर गोल काळा करायचा. माझ्यासारख्यांना किमान 600 लागत होते. मला त्याहून बरेच जास्त मिळाले. त्याच महिन्यात रुजू झालेल्या दक्षिण आफ्रिकेच्या सहकाऱ्याला परीक्षा नव्हती. तो घरी, मित्रांत, फोनवर आफ्रिकान्स बोलायचा. इंग्रजी त्याची शाळेत शिकलेली भाषा, माझ्यासारखीच. त्याला 32 हजार बाट पगार, मला 20 हजार. बाट तेव्हा दोन रुपयांच्या आसपास होता. माझ्या शेजारच्या टेबलावर फिलिपिनो ताई बसायच्या, वीस वर्षं शिकवलेल्या, त्यांनाही माझ्याएवढाच पगार.

मी एकदा कार्यालयात जाऊन विचारलं. त्या बाई फार सभ्यपणे हसल्या आणि म्हणाल्या, "पालकांना तसं आवडतं." रागावून काही उपयोग नव्हता. त्या आफ्रिकान्सवाल्यानं माझी बाजू घेतली, हेही सांगायला हवं. तो व्याकरणाची शंका आली की माझ्याच टेबलापाशी यायचा.

आता तुम्ही म्हणाल, मग राहिलीस कशाला? सांगते.

पहिलं म्हणजे 20 हजार बाटात त्या गावात माझं छान भागत होतं. भाड्याची खोली, सायकल, बाजारातली भाजी. महिन्याला थोडे घरी पाठवूनही शिल्लक राहायची. ऑक्टोबरमध्ये सत्र संपलं की सुट्टी, मार्चमध्ये वर्ष संपलं की मोठी सुट्टी, मध्ये सोंगक्रानचा पाण्याचा सण. त्या सुट्ट्यांत मी अंगकोर बघितलं, लुआंग प्रबांग बघितलं, हनोईच्या फुटपाथवर प्लास्टिकच्या स्टुलावर बसून कॉफी प्यायले. शाळेपासून तासाभरावर बान चियांग आहे, हजारो वर्षांपूर्वीची लाल नक्षीची मडकी जमिनीतून निघाली ती जागा. 1992 पासून जागतिक वारसा यादीत आहे. माझी मुलं तिथं सहलीला जाऊन कंटाळायची, आपली पोरं किल्ल्यावर कंटाळतात तशीच. थंडीत जवळच्या सरोवरात क्षितिजापर्यंत लाल कमळं फुलायची, पहाटे होडीतून जावं लागायचं, दुपारी मिटतात. पावसाळा तोंडावर आला की गावागावांतून बांबूची भलीमोठी रॉकेटं आभाळात सोडायची जत्रा असते. आपल्या कर्नाटकी बेंदराच्याच सुमाराला. माझ्या वडिलांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "मग पडला काय पाऊस?" पडला होता.

पण नुसतं बघायचं असतं तर आठ दिवसांची सहल पुरे होती. मी राहिले ती एका मुलामुळे, आणि एका भाषेमुळे.

थाई शाळेत इंग्रजीचा तास कसा सुरू होतो ते ज्यांनी शिकवलंय त्यांना विचारा. तुम्ही वर्गात शिरता. मॉनिटर ओरडतो, सगळे उभे राहतात आणि एका सुरात म्हणतात, गुड मॉर्निंग टीचाऽ. तुम्ही म्हणायचं, हाऊ आर यू? लगेच चाळीस आवाज, एकाच चालीत, आय ॲम फाइन थँक्यू अँड यू? ही चाल देशभर एकच आहे म्हणतात. मथ्थयोम एकमध्ये, म्हणजे आपल्या सातवीत, एक मुलगा होता. शेवटच्या बाकावर, खिडकीजवळ. त्याच्या तोंडून हे एकच इंग्रजी वाक्य यायचं. बाकी काही विचारलं की मान खाली.

एका सोमवारी त्याचा हात कोपरापर्यंत बांधलेला होता. मी जवळ जाऊन विचारलं, हाऊ आर यू? त्यानं उभं राहून, बांधलेला हात पोटाशी धरून, त्याच चालीत सांगितलं, आय ॲम फाइन थँक्यू अँड यू?

मला हसू आलं नाही. मला माझी आजी आठवली. आमच्या लहानपणी निपाणीतून कुठल्या कुठल्या कचेरीत कागद घेऊन जावं लागायचं, तेव्हा ती मला सोबत न्यायची. खिडकीतला साहेब कन्नडमध्ये विचारायचा. आजीला कन्नड येत नव्हती असं नाही, बाजारात भाव करण्यापुरती फर्डी यायची, पण कचेरीतली कन्नड वेगळी. ती प्रत्येक प्रश्नाला 'हौदु, हौदु' म्हणायची. होय, होय. पत्ता बदललाय का? हौदु. नवरा हयात आहे का? हौदु. आजोबा जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. मी सात-आठ वर्षांची, तिचा पदर ओढत होते.

तो मुलगा घरी थाई बोलत नव्हता. त्या भागाला इसान म्हणतात आणि तिथल्या घराघरांत बोलतात ती लाओशी मिळतीजुळती इसान. शाळा, टीव्ही, कागदपत्रं सगळं थाईत. त्याचे आईवडील बँकॉकला बांधकामावर, तो आजीकडं. इसानमधल्या किती तरी मुलांचं असंच असतं. तेव्हा त्याच्यासाठी इंग्रजी ही तिसरी भाषा होती, आणि दुसरीतच तो अजून बिचकत होता. हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. निपाणीच्या मराठी शाळेतून आलेल्या मुलीला ते वास मारल्यासारखं कळतं.

मग मी इसान शिकायला लागले. थाईत 'नाही'ला 'माइ' म्हणतात, इसानमध्ये 'बो'. चविष्ट म्हणायचं तर थाईत 'अरॉय', इसानमध्ये 'सेप'. शाळेच्या खानावळीतल्या मावशींकडून रोज दोन शब्द घ्यायचे. दुसऱ्या आठवड्यात त्या मुलाच्या बाकापाशी जाऊन मी विचारलं, किन खाओ लेओ बो? जेवलास का? त्यानं मान वर केली. सगळा वर्ग हसून लोळला. परदेशी बाई, आणि आजीच्या भाषेत बोलते! त्या दिवसापासून तो उत्तरं द्यायला लागला. चुकीची, अर्धी, पण द्यायला लागला. हात सायकलवरून पडून मोडला होता, हेही त्यानं मला इंग्रजीतच सांगितलं. आय बायसिकल डाऊन. मी ते वाक्य दुरुस्त केलं नाही.

विभागप्रमुखांना हे पसंत नव्हतं. तासाला इंग्रजीच बोलायची, असा नियम होता. नियमामागचं कारण मला पटतं, मुलांच्या कानावर भाषा पडायला हवी. पण कुणाला तरी दारातून आत घ्यायचं तर आधी त्याच्या ओसरीवर जाऊन बसावं लागतं. इतकं मी त्यांना सांगितलं आणि पुढं पाच मिनिटं इसान, बाकीचा तास इंग्रजी, असा आमचा अलिखित तह झाला.

आपला सीमाभागाचा माणूस या कामाला घडवलेलाच असतो, असं मला तेव्हापासून वाटतं. घरी मराठी, बसमध्ये कन्नड, सैन्यातल्या काकांशी हिंदी, शहापुरातल्या शेजारणीशी कोकणी, कॉलेजात इंग्रजी. भाषा बदलताना आपली जीभ अडखळत नाही. आणि समोरच्याला आपली भाषा येत नसेल तर त्याच्या चेहऱ्यावर काय होतं, ते आपण दोन्ही बाजूंनी बघितलेलं असतं. शिवाय उच्चार. थाईत प, फ, ब तिन्ही वेगळे, त, थ, द तिन्ही वेगळे. माझे गोरे सहकारी प आणि फ मध्ये वर्षभर गोंधळायचे, मला पहिल्या दिवशी ऐकू आले. उलट व्ही आणि डब्ल्यू हे दोन्ही मी एकाच 'व'नं काढत होते. ते मला फिलिपिनो ताईंनी आरशासमोर उभं करून शिकवलं. पस्तिशीत!

एका शनिवारी मी सीमेवर गेले. उदोनपासून तासाभरावर नोंग खाय, तिथं मेकाँग नदी आणि पलीकडं लाओस. नदीवर 1994 मध्ये बांधलेला मैत्री पूल आहे. थायलंडमध्ये गाड्या आपल्यासारख्या डावीकडून, लाओसमध्ये उजवीकडून. त्यामुळं लाओसच्या टोकाला गाड्या एकमेकींची बाजू बदलतात, अदलाबदल करतात. अलीकडे ज्या भाषेला इसान म्हणतात तिला पलीकडं लाओ म्हणतात. बाजारात मी तेच 'सेप' म्हटलं, तीच मावशी, तसाच हसली. 1893 मध्ये फ्रेंचांनी पलीकडचा काठ सयामकडून घेतला आणि नदीची सीमा झाली. नात्यातली माणसं दोन देशांत गेली.

मला कोगनोळीचा नाका आठवला. 1 नोव्हेंबर 1956 ला कागदावर रेघ पडली, इकडं कर्नाटक, तिकडं कागल. तिचे परिणाम कुठवर जातात बघा. थायलंडचा कामाचा व्हिसा काढताना मी मुंबईला जायची तयारी केली होती, मुंबईत मावशी आहे. तर कळलं, कर्नाटकातल्यांना चेन्नईचं वकिलात कार्यालय. माझी मावसबहीण कागलला दिलेली, ती गेली असती तर मुंबई. दोघींच्या घरांत वीस किलोमीटर. चेन्नईला माझी ओळख ना पाळख, दोन दिवस इडलीवर काढले.

2016 च्या ऑक्टोबरची 13 तारीख मात्र विसरणार नाही. राजे भूमिबोल गेले. सत्तर वर्षं गादीवर असलेला राजा, कुणाच्याच आठवणीत दुसरा नाही. दुसऱ्या दिवशी अख्खं गाव काळ्या कपड्यांत. शाळा उघडल्यावर आम्हा शिक्षकांना वर्षभर काळे-पांढरे कपडे होते. माझ्याकडं एकच काळी ओढणी होती, खानावळीतल्या मावशींनी आपला काळा ब्लाऊज आणून दिला. बेंबीपर्यंत ढिला. पर्यटकाला कोणी असा ब्लाऊज देत नाही.

तर मुलीला मी हे सगळं सांगितलं आणि मग त्या जाहिरातीकडं वळले. कारण खोटं अर्ध त्यात होतं.

पदवीची अट नाही, असं जिथं लिहिलंय तिथं थांबायचं. थायलंडमध्ये शाळेत शिकवायला पदवी लागते, तिथल्या शिक्षक परिषदेचा परवाना किंवा तात्पुरती सवलत लागते, कामाचा परवाना लागतो. मूळ पदवी साक्षांकित करून घ्यावी लागते, पोलिसांचा दाखला पासपोर्ट कार्यालयातून काढावा लागतो. इंग्रजी शिकवण्याचा निदान 120 तासांचा अभ्यासक्रम केलेला बरा, तो काही हजारांतही होतो. केंब्रिजचा सेल्टा करायचा तर लाखाच्या पुढं जातो, पण तो जगभर ओळखला जातो. मला सगळं मिळून, तिकिटासकट, सव्वा लाखाच्या आसपास खर्च आला. पहिला पगार हातात पडायला दोन महिने लागले, तोवरचे पैसे जवळ होते म्हणून निभावलं. आणि तिथं गेल्यावर दर 90 दिवसांनी इमिग्रेशनला 'मी इथंच राहते' म्हणून सांगावं लागतं. कंटाळवाणं आहे, पण तेच तुमचं कवच आहे.

पर्यटक म्हणून जा, काम सुरू करा, कागद मागाहून करू, असं म्हणणारा भेटला तर फोन ठेवायचा. 2023 च्या नोव्हेंबरपासून भारतीयांना पर्यटनासाठी व्हिसाशिवाय प्रवेश सुरू झाला तेव्हापासून हा सापळा सोपा झाला. व्हिसावर किती दिवस, हे नियम बदलत राहतात, पण पर्यटकानं काम करणं हे तेव्हाही बेकायदा आणि आताही. बँकॉकला उतरवून मोटारीनं सीमेपलीकडं म्यानमारमध्ये नेलेल्या, पासपोर्ट काढून घेऊन ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांवर बसवलेल्या भारतीय मुलांच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. परराष्ट्र मंत्रालयानं 2022 पासून इशारे दिलेत. 2025 च्या मार्चमध्ये पाचशेहून अधिक जणांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणावं लागलं. त्यांना दाखवलेल्या नोकऱ्या बहुतेक संगणकाच्या होत्या, शिकवण्याच्या नव्हेत. पण गळ तोच, आमिष तेवढं वेगळं. एजंट खरा आहे का ते सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर बघता येतं. नोंदणीकृत एजंटला 30 हजार रुपये अधिक कर, याहून जास्त सेवाशुल्क घेता येत नाही.

मुलीनं माझ्यासमोरच त्या माणसाला तीन प्रश्न टाकले. शाळेचं नाव काय, कराराची प्रत कधी मिळेल, व्हिसा कुठल्या प्रकारचा. इंग्रजी तिची चांगली आहे, स्वच्छ वाक्यं लिहिली. दोन निळ्या टिका आल्या. थोड्या वेळानं त्याचा फोटो दिसेनासा झाला. ब्लॉक केलं होतं.

ती जरा वेळ गप्प बसली. डोळ्यांत पाणी होतं, हे मी बघितलं नाही असं दाखवलं. तिचं लग्नाचं बघायला सुरुवात झाली आहे, घरात तिच्या हातात फार दिवस नाहीत, हे मला माहीत आहे. जाहिरात खोटी निघाली म्हणजे तिचं जायचं कारण खोटं होत नाही. मी तिच्या वडिलांना त्याच संध्याकाळी फोन केला. एक वर्ष द्या म्हटलं. निपाणीतल्या शाळेत शिकवू दे, बरोबर अभ्यासक्रम करू दे, पदवी हातात येऊ दे, मग पुढचं बघू. ते म्हणाले, "तू परत आलीस की नाही? मग ही पण येईल म्हणतेस काय?" मी म्हटलं, "येईल की नाही ते मी सांगू शकत नाही. पण कळवून जाईल." अजून त्यांचं हो आलेलं नाही. नाहीही आलेलं नाही.

ती निघायच्या तयारीत होती तेवढ्यात माझा फोन वाजला. गुरुवार होता. तिकडं जूनमधल्या एका गुरुवारी शाळांतून गुरुवंदना असते, 'वाय ख्रू'. मुलं फुलांचं तबक घेऊन शिक्षकांपुढं बसतात. तबकात वांग्याची फुलं, भाताच्या लाह्या, रुक्मिणीची लाल फुलं आणि दूर्वा. होय, आपल्याच दूर्वा. वांग्याचं फूल खाली वाकलेलं असतं म्हणून नम्रतेचं, आणि दूर्वा कुठंही पसरते म्हणून ज्ञानाची. माझ्यापुढं पहिल्यांदा ते तबक आलं तेव्हा मी गणपतीच्या आठवणीनं रडले होते आणि मुलं घाबरली होती.

तो मेसेज खिडकीजवळच्या मुलाचा होता. आता तो तेवीस वर्षांचा आहे. तैवानमध्ये कारखान्यात कामाला असतो, इसानची किती तरी मुलं जातात तशी. दरवर्षी या दिवसांत तबकाचा कुठला तरी फोटो शोधून पाठवतो. खाली लिहिलं होतं, टीचर हाऊ आर यू? मी विचारलं, आय ॲम फाइन, अँड यू? पलीकडून लगेच, आय ॲम फाइन थँक्यू.

"कोण आत्या?" मुलीनं विचारलं.

मी तिला हातानंच थांब म्हटलं आणि थाई अक्षरांत टाइप केलं, किन खाओ लेओ बो?

त्याचा आवाजातला निरोप आला, तीन मिनिटांचा, सगळा इसानमध्ये. त्यातलं निम्मं मला कळलं नाही. मुलगी पिशवी खाली ठेवून परत बसली, आणि आम्ही दोघींनी तो पहिल्यापासून पुन्हा ऐकला.